पेनड्राइव्हशिवाय २० कॉम्प्युटर

आज खानापूरजवळच्या एका मराठी शाळेत दान मिळालेल्या २० कॉम्प्युटरवर नेटवर्कवरूनच उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. बेळगावहून निघालो तेव्हा धो धो पाऊस.

शाळेचा राउटर आधीपासून सगळ्यांना आयपी पत्ते वाटतो. तिथं असे पत्ते वाटणारा दुसरा सर्व्हर (डीएचसीपी सर्व्हर) लावला की कोण कुणाला पत्ता देतंय याचा घोळ होतो, ऑफिसचंही इंटरनेट बंद पडू शकतं. म्हणून लॅपटॉपवर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर प्रोग्राम प्रॉक्सी मोडमध्ये चालवला. पत्ता राउटरनेच द्यायचा, आपण फक्त बूटची, म्हणजे मशीन सुरू करणारी फाइल कुठे आहे तेवढं सांगायचं. फायरवॉलमध्ये यूडीपी ६७, ६९ आणि ४०११ ही पोर्ट उघडावी लागतात, हे विसरू नका.

तरी ६ मशीन अडून बसल्या. सगळी दुपार त्यातच गेली. त्या यूईएफआयवाल्या, म्हणजे सुरू होण्याच्या नव्या पद्धतीच्या होत्या आणि मी सरसकट बायोस या जुन्या पद्धतीची फाइल देत होतो. खरं तर आपला प्रकार कोणता हे मशीन डीएचसीपीच्या ९३ नंबरच्या ऑप्शनमध्ये स्वतःच सांगते. ते वाचून वेगळी फाइल दिली, आणि सहाही सुरू झाल्या. किती बरं वाटलं!

मराठी आणि कन्नड कीबोर्ड आधीच घालून ठेवले होते. शाळा सुटताना सातवीतल्या एका मुलीनं आपलं नाव दोन्ही लिप्यांत टाइप केलं. बाई तिच्या मागे उभ्या राहून बघत होत्या.