धोळावीरा: एकटीनं पाहिलेले हौद

"एकलां आव्यां छो, बेन?"

भूज सोडल्यापासून हे विचारणारे हे चौथे. आधीच्या तिघांना मी "मैत्रीण मागून येतेय" असं ठोकून दिलं होतं. हे चौथे म्हणजे धोळावीराच्या, कच्छमधल्या हडप्पाकालीन शहराच्या, अवशेषांच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले आजोबा, त्यांच्याशी काही खोटं बोलवेना. म्हटलं, "हो काका, एकटीच." ते "सारुं" म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. मी उगाच घाबरत होते.

एकटीनं फिरण्यातला खरा त्रास वेगळाच असतो: अख्ख्या गाडीचं भाडं एकटीच्या डोक्यावर बसतं. पण खावड्याकडून खडीर बेटावर, म्हणजे धोळावीराकडे, येणारा रस्ता थेट रणातून जातो, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर पांढरं मीठ, आणि त्या अर्ध्या तासात मला पैशांचा विसर पडला. फोनची रेंजही गेली. बरंच झालं.

खरं तर मी आले होते त्या पाटीसाठी. उत्तर दरवाजाजवळ सापडलेली, दहा अक्षरांची, जिप्समचे तुकडे जुळवून केलेली. एकेक अक्षर वीतभराहून मोठं, जवळजवळ 37 सेंटिमीटर. लाकडी फळी कधीच कुजून गेली, अक्षरं तेवढी राहिली. ती आजवर खात्रीनं कुणालाच वाचता आलेली नाहीत. शहराचं नाव असेल, देवाचं असेल, किंवा 'चपला बाहेर काढा' असंही असेल. जागेवर उभी राहिले तर समोर नुसता दरवाजा आणि ऊन. जरा हिरमोड झाला.

मग बालेकिल्ल्याच्या पूर्वेच्या बाजूला उतरले आणि समोर तो हौद आला.

हौद म्हणतेय खरी, पण 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद आणि 10 मीटर खोल! तळापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. असे हौद शहराच्या तटाला धरून एकामागून एक आहेत, दक्षिणेकडचा तर खडक फोडून काढलेला. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर हे दोन ओढे, तेही फक्त पावसाळ्यात वाहणारे. त्यांच्यावर बांध घालून पाणी वळवलं, जमिनीला मुळातच असलेला 13 मीटरांचा उतार वापरला आणि हौद भरून घेतले. बालेकिल्ल्यावर पडणारा पाऊससुद्धा वाया जाऊ दिला नाही, त्यासाठी दगडी गटारं आहेत, काही तर माणूस उभा चालेल एवढी. भोवती खारं रण, पाऊस बेताचा, आणि हे शहर इसवीसनपूर्व 3000 ते 1500 एवढा काळ नांदलं. जगत्पती जोशींनी 1960च्या दशकात ही जागा शोधली, 1990पासून रवींद्रसिंह बिश्त यांनी उत्खनन केलं, 2021 साली जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं. हे सगळं मी वाचून आले होते. पायरीवर बसल्यावर मात्र आठवलं ते लातूर.

2016चा उन्हाळा. मी बारावी होऊन घरी बसलेली. गावात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या पाण्याचं आम्हाला कौतुकही वाटलं आणि लाजही. नळाला पाणी कधी येईल यावर घरातल्या बायकांची झोप ठरायची. टँकरचा भोंगा ऐकून ताटावरून उठलेली आई मला अजून दिसते.

वर बालेकिल्ल्यात एक विहीर आहे. तिच्या काठच्या दगडावर दोराच्या खाचा पडल्यात. आजोळी, औशाला, आडाच्या काठावर अगदी अशाच खाचा होत्या. लहानपणी मी त्यांत बोट घालून फिरवायचे. इथे हात लावायला मनाई, म्हणून नुसती बघत उभी राहिले. किती बायकांनी किती पाणी शेंदलं असेल तेव्हा दगड असा झिजला! पाटी वाचता येत नाही म्हणून मघाशी मी खट्टू झाले होते. या खाचा मात्र मला सरळ वाचता येत होत्या.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: सावली जवळजवळ नाही. टोपीनं भागत नाही, छत्री न्या. संग्रहालय आधी बघा, मग अवशेष. मी उलटं केलं आणि चुकले.

मुक्कामाच्या ठिकाणी बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत आणि ताक. जेवण वाढताना घरधनीण म्हणाली, पाणी सकाळी लवकर जातं, बादली भरून ठेवा. मी बादली भरली, मग तांब्या भरला, मग बाटल्या. सवयच ती.

रात्री रेंज आली तसा आईला फोन लावला.

"काय बघितलंस गं एवढ्या लांब जाऊन?"

"हौद."

"पाणी होतं का त्यात?"