‘किती वेळ लागला?’

मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवात जलरंगांची पेटी मांडून बसले की दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न ‘केवढ्याला?’ हा नसून ‘किती वेळ लागला?’ हा असतो. पूर्वी मला त्याचा राग येत असे, कारण चित्राचे तास मोजणे मला भाजी तोलण्यासारखे वाटे. आता मात्र मी त्या प्रश्नाची वाट पाहते, कारण अनोळखी माणसाला चित्रकाराशी बोलायचे असते तेव्हा त्याच्याजवळ बहुधा तेवढाच एक धागा असतो.

तिथलेच जहांगीर कलादालन १९५२ पासून सर्वांना खुले आहे. तरीही त्याच्या पायऱ्यांशी घुटमळून परत फिरणारी माणसे मी कितीतरी पाहिली आहेत. १९९९ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव रस्त्यावर भरतो आणि तिकीट नसते, त्यामुळे कचेरीतून घरी निघालेला माणूसही सहज थबकतो. गर्दी अफाट असते आणि बरेच जण चित्राकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढतात, याची तक्रार करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

एका वर्षी मी तिथल्या घोड्याच्या पुतळ्याचे चित्र रंगवत होते. मागे बराच वेळ उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ अखेर म्हणाले, “बाई, ह्याच्यावरचा राजा कुठे गेला?” इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा मूळ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, आणि २०१७ मध्ये इथे आलेल्या घोड्यावर स्वारच नाही, हे मला ठाऊक होते, पण त्यांनी तो पुतळा लहानपणी वडिलांचे बोट धरून इथेच पाहिला होता. मी दुसरा कागद घेतला आणि ते सांगतील तसे रेखाटत गेले. मान जरा वर, लगाम असा, चौथरा याहून उंच. त्यांची आठवण कितपत अचूक होती, हे मी पडताळले नाही. आमच्याभोवती पंधरा-वीस माणसे जमली आणि त्यांतली दोघे-तिघे त्यांच्याशी वाद घालू लागली. चित्राविषयी इतकी तावातावाची चर्चा मी दालनात क्वचितच ऐकली आहे.

तेव्हापासून पूर्ण झालेली चित्रे मी मागे टेकवून ठेवते. पुढे मात्र अर्धवट कागदच असतो.