दंडघेर साडेपंधरा

सोमवारची ओपीडी काय असते ते जिने केलीये तिलाच कळेल. शनिवार-रविवार अंगावर काढलेलं सगळं दुखणं सोमवारी सकाळी दारात येऊन उभं असतं. सातारा भागातलं एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे आमचं, मी तिथे अकरा वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली शेवटची चार ओपीडीत. माझं टेबल तेव्हा कॉरिडॉरमध्येच होतं, शेजारी वजनकाटा, समोर बाकडी, आणि बाकड्यांवर केसपेपर हातात धरून बसलेली माणसं. म्हणजे कुणाचं वजन किती, बीपी किती, सगळं सगळ्यांना ऐकू जायचं. मला हे कधी खटकलं नव्हतं, खरं तेच सांगते.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास एक ताई आल्या. चाळिशीच्या, अंगाने भरलेल्या, निळी सुती साडी. एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळत होतं त्यासाठी मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे होतं. काट्यापाशी येऊन त्यांनी चप्पल काढली, पर्स खाली ठेवली, मोबाईल ठेवला, मग हातातलं घड्याळ पण काढायला लागल्या. मी म्हटलं ताई घड्याळाने काय फरक पडतोय, चढा. त्या काही बोलल्या नाहीत.

काट्यावर आमचे मामा असतात, त्यांनी नेहमीसारखं मोठ्याने सांगितलं, "चौऱ्याण्णव!" बाकड्यावरच्या दोघी-तिघींनी माना वर करून बघितलं आणि ताईंनी पदर ओढून दोन्ही दंड झाकून घेतले.

मग बीपी. टेबलावर मशीनला कायम एकच कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, लावलेला असतो तोच मी गुंडाळला, ब्लाऊजच्या बाहीवरूनच, घाईत आम्ही तसंच करतो आणि ते चूक आहे. वेल्क्रोची टोकं कशीबशी एकमेकांवर आली. मशीन हवा भरायला लागलं आणि मध्येच चर्र करून कफ सुटला. बाकड्यावर कुणीतरी हसलं. मी परत गुंडाळला, या वेळी हाताने दाबून धरला, आणि आकडा आला १६४/१०२.

आणि मी तेच बोलले जे रोज बोलते. "ताई, बीपी खूप वाढलंय, वजन कमी करावं लागेल हां."

त्या उठल्याच. केसपेपर माझ्या हातातून घेतला, ओढला नाही, हळूच घेतला, आणि म्हणाल्या, "म्हणूनच मी दवाखान्यात येत नाही सिस्टर. सहा वर्षांनी आले होते. राहू द्या ते सर्टिफिकेट."

त्या वळल्या तेव्हा बाहीच्या खाली दंडावर कफच्या कडेचा लाल वळ उठलेला दिसला. चांगला जाड वळ. माझ्या पोटात कालवलं एकदम. मी उठून त्यांच्यामागे गेले, म्हटलं ताई पाच मिनिटं आत ड्रेसिंग रूममध्ये बसा, मी परत बघते, माझंच काहीतरी चुकलं असणार, बाही घट्ट आहे का ब्लाऊजची?

"घट्ट कशी असेल? माझा दंडघेर साडेपंधरा आहे. टेलरच्या वहीत लिहिलेलाय, दर वेळी टेप लावून बघतो तो."

साडेपंधरा इंच म्हणजे एकोणचाळीस सेंटीमीटरच्या वर. मी आमचा कफ उलटा करून बघितला, आतल्या बाजूला छापलेलंच असतं, २२ ते ३२ सेंटीमीटर. शिवाय दोन रेषा असतात आणि एक बाण असतो, कफ गुंडाळल्यावर बाण त्या दोन रेषांच्या मध्ये आला तरच तो कफ त्या हाताला चालतो. नर्सिंगला शिकलेय मी हे. कफच्या आत जी हवेची पिशवी असते तिने दंडाचा निदान ८० टक्के घेर वेढला पाहिजे हे पेपरात लिहून मार्क घेतलेत. कफ आखूड असला की दाब आतल्या रक्तवाहिनीपर्यंत नीट पोचत नाही, ती दाबायला मशीनला जास्त हवा भरावी लागते, आणि ती जास्तीची हवा पेशंटचं बीपी म्हणून कागदावर येते. ब्लाऊज शिवणारा माणूस टेप लावल्याशिवाय कात्रीला हात लावत नाही आणि मी अकरा वर्षं टेप न लावता लोकांची बीपी लिहीत होते.

मोठा कफ आमच्याकडे होता. स्टोअरच्या कपाटात, पिशवीतून बाहेर न काढलेला, ३२ ते ४२. चावी शोधण्यात दहा मिनिटं गेली.

आत दार लावलं, ताईंनी बाहीतून हात काढून घेतला, वर चादर दिली. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. ती पाच मिनिटं मलाच फार मोठी वाटली. मग १३८/८६. एक-दोन मिनिटं थांबून परत, १३४/८४.

सगळा फरक कफचा होता असं मी म्हणणार नाही, बाहेरची भीती होती, बाही होती, मी बोलत होते ते होतं. पण कफ होताच. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी १९५ माणसांवर हे करून बघितलं होतं, २०२३ मध्ये छापून आलं, मी नंतर वाचलं. ज्यांना मोठा कफ लागतो त्यांना साधा लावला तर वरचं बीपी सरासरी ५ ने जास्त दिसलं, आणि ज्यांना त्याहून मोठा एक्स्ट्रा लार्ज लागतो त्यांचं जवळजवळ २० ने! वीस म्हणजे चांगल्या बाईला गोळी सुरू होईल एवढा फरक आहे.

डॉक्टर मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या आज गोळी नको, थोडं वरच्याच बाजूला आहे तेव्हा महिनाभर आठवड्यातून दोनदा याच कफने बघूया.

आणि मग ताई बोलायला लागल्या. दार लावलेलं होतं, आकडा बरा आला होता, त्यामुळे असेल. म्हणाल्या जिना चढताना दम लागतो, छातीत धडधडतं, घरात सगळे म्हणतात एवढं वजन वाढवलंयस तर दम लागणारच. मी विचारलं पाळी कशी आहे? नऊ-दहा दिवस. गाठी पडतात. कधीपासून? दीड वर्ष झालं असेल. मी खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढरी फटक. हिमोग्लोबिन केलं, ७.६ आलं. बाईचं १२ तरी पाहिजे.

दीड वर्ष ही बाई साडेसातच्या रक्तावर घरचा सगळा स्वयंपाक, धुणं, शेतातली खुरपणी करत होती आणि सगळे तिला खाणं कमी कर म्हणत होते, तीही करत होती, संध्याकाळचं जेवण सोडलं होतं तिने. मला अजून त्रास होतो हे आठवलं की. जाड बाई अशक्त असू शकते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्याकडच्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी निघालंय आणि २४ टक्के बायकांचं वजन जास्त निघालंय, म्हणजे दोन्ही एकाच बाईत असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. वजनाचा तब्येतीशी संबंध नाही असं मी म्हणत नाहीये, गुडघे, शुगर, बीपी, सगळ्याशी आहे, मी रोज बघते. पण सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात त्या कंबर दुखते म्हणून गेल्या होत्या तर चारचौघात काय काय ऐकून परत आल्या, आणि नंतर पाळीचं एवढं सुरू झालं तरी पायरी चढल्या नाहीत. त्या वजनाने नव्हत्या थांबल्या घरी. त्या आमच्यामुळे थांबल्या होत्या.

सोनोग्राफीत गर्भपिशवीला गाठ निघाली. गोळ्या सुरू झाल्या, लोहाची सलाईन दिली.

त्याच आठवड्यात मी काटा आतल्या खोलीत पडद्यामागे नेला. मेट्रनना वाटलं मी उगाच पसारा करतेय, पण त्यांनी अडवलं नाही. मामांना सांगितलं आकडा ओरडायचा नाही, केसपेपरवर लिहून पेशंटच्या हातात द्यायचा, त्यांना वाईट वाटलं, म्हणाले मी काय मुद्दाम करत होतो का. नव्हतेच करत. बीपीच्या टेबलाला दोरीने शिवणाची टेप बांधली, आणि मोठा कफ आता कपाटात जात नाही.

दीड महिन्याने ताई आल्या, हिमोग्लोबिन १०.४, बीपी १२८/८२. वसतिगृहाचं काम लागलं होतं, त्या महिन्याचा पहिला पगार झाला होता. बरोबर जाऊबाईंना घेऊन आल्या होत्या, त्या दारातच घुटमळत होत्या.

"या हो, सिस्टर आत घेऊन बघतात," ताईंनी त्यांना हाताला धरून आणलं. खुर्चीवर बसल्या बसल्या जाऊबाई मला म्हणाल्या, "माझा सतरा आहे."

मी टेप लावली. सव्वासतरा. जवळजवळ चव्वेचाळीस सेंटीमीटर, आमच्या मोठ्या कफचा बाण रेषेच्या बाहेर. मी त्यांना सरळ सांगितलं, आमच्याकडे तुमच्या मापाचा कफ नाहीये, हे आमचं कमी आहे, आज मी कोपराच्या खालच्या हातावर बांधून मनगटाच्या नाडीवर बघते. त्या म्हणाल्या बघा की. बघितलं, आणि केसपेपरवर बीपीपुढे 'कोपराखाली' असं लिहिलं. मागणीच्या वहीत एक्स्ट्रा लार्ज कफ लिहून दिलाय, दोन नग. अजून आला नाहीये, दर सोमवारी स्टोअरला विचारते.