सापाची मावशी

दुपारचं ऊन तुळशीकट्ट्यावर जरा कललं की कुंडीमागून सापसुरळी बाहेर येते. अंगाला तेल चोपडल्यासारखी. खराट्याची काडी हलली की पुन्हा सांदीत गडप. कोल्हापुरात यावर घरोघरी एकच वाक्य: "लांब हो, सापाची मावशी हाय ती!"

कसली मावशी! विष नाही, रातकिडे-झुरळं खाते. चकाकी घट्ट बसलेल्या खवल्यांची. त्यांच्याखाली हाडाचे बारीक पत्रे असतात, म्हणून ती पालीसारखी लिबलिबीत नसते.

कौतुक खरं तर तिच्या बाळंतपणाचं. आपल्या परसातली सापसुरळी अंडी घालते, दगडाखाली नाहीतर भुसभुशीत मातीत. कवच चामड्यासारखं, मातीतली ओल पिऊन अंडं फुगतं. माती सुकली की चुरमडतं, पाणी साचलं की गुदमरतं. ऊब मात्र माती फुकट देते.

गार मुलखात माती ऊब देत नाही. मग आई अंडी पोटातच ठेवते आणि स्वतः उन्हाला बसते. पोट जड, पळ कमी, शिकारी मागे, तरी परवडतं. पण ऑस्ट्रेलियातल्या शिंगलबॅक नावाच्या सापसुरळीपुढे हा हिशेब गंडतो. ती तापल्या माळावर राहते, तरी पिल्लंच देते. जवळच्या सगळ्या भावकीची रीतच ती. एका खेपेला एक ते चार, बहुधा दोनच, पण चांगली दांडगी. दिवस भरत आले की पोटात अन्नालाही जागा उरत नाही. शेपटीत चरबी साठवलेली, ती तोडून पळायचीही सोय नाही. जोडपी वर्षानुवर्षं वसंतात पुन्हा एकत्र येतात. संशोधक मायकेल बुल यांनी १९८२ पासून त्यांचे हे संसार मोजले.

तिथलीच तीनबोटी सापसुरळी तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. सिडनीच्या किनाऱ्याकडे अंडी घालते, उत्तरेच्या गार पठारावर पिल्लं देते. २०१९ मध्ये एकीची नोंद आली: आधी तीन अंडी घातली आणि काही आठवड्यांनी, त्याच खेपेचं, एक जिवंत पिल्लू. आता हिला काय म्हणायचं?

आपल्याकडे कुंडी उपसताना अंडी सापडलीच तर उलटी करू नका. आतला गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं फिरलं तर दगावू शकतो. वर पेन्सिलीची खूण करा, तशीच उचला, तेवढ्याच खोलीवर ओलसर मातीत ठेवा. पाणी तांब्याभर. बादली नको.