तुम्ही विचारलंत म्हणून: संहिता आधी की नाच आधी?

नृत्य आणि नाटक एकत्र बसवू पाहणारी मंडळी हमखास हा प्रश्न विचारतात. माझं उत्तर: दोन्ही थोडं थांबवा. आधी प्रसंगांची यादी करा आणि प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहा: इथे कोण कोणाचं काय करतं? ‘सासू सुनेला घराबाहेर काढते’ चालेल. ‘विरहाचं दुःख’ चालणार नाही. त्यातून देखण्या गिरक्या निघतात, नाटक जागचं हलत नाही.

मग प्रत्येक प्रसंग दोनदा करून बघा, एकदा नुसता बोलून आणि एकदा तोंड मिटून. मुक्या तालमीत जे कळलं, त्याची वाक्यं संहितेतून सरळ काढून टाका. बहुतेकांचं इथेच बिनसतं. नट ‘मी थकलोय’ म्हणतो आणि लगेच थकव्याचा नाच करतो. एकच गोष्ट दोनदा सांगितली की नाच शोभेचा होतो. उलट नातं, गावाचं नाव, पैशाचा व्यवहार असल्या गोष्टी अंगाने सांगायच्या भानगडीत पडू नका. त्या एका वाक्यात उरकतात.

या कामासाठी ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक अजूनही अभ्यासावं. पहिला प्रयोग पुण्यात, 16 डिसेंबर 1972. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं. त्यातली ब्राह्मणांची ओळ बघा. ती गाते, डोलते, पाठ फिरवली की भिंत होते, भिंत फुटली की मागचा कारभार दिसतो. पडदाही तीच, नेपथ्यही तीच, आणि जे चाललंय त्याला गावाची असलेली मूक संमतीही तीच. ती काढली तर नाटक उभं राहत नाही. आपल्या प्रत्येक हालचालीला हीच कसोटी लावा: काढली तर काय अडतं? काही अडत नसेल तर काढाच. नृत्यदिग्दर्शक रुसतात. रुसू द्यावं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते श्वासाकडे. दोन मिनिटं द्रुत लयीत नाचलेल्या माणसाला लगेच लांब वाक्य दिलं की शेवटचे शब्द गिळले जातात. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे ‘गेला’ की ‘गेला नाही’ हेच मागच्या रांगांना कळत नाही. म्हणून नाचानंतरची पहिली तीन-चार वाक्यं चार-पाच शब्दांचीच ठेवा, किंवा ती स्थिर उभ्या असलेल्या दुसऱ्या पात्राला द्या. धाप ऐकू यायलाच हवी असेल तर तसं ठरवून बसवा. आणि तालमीत नाच पूर्ण ताकदीने करूनच संवाद म्हणा. अर्ध्या अंगाने, जागा दाखवत तालमी केल्या तर ही अडचण थेट रंगीत तालमीत उगवते, आणि तेव्हा वाक्यं बदलायला कोणी तयार नसतं.

नर्तक मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, मोजतो, नट अर्थ धरून बोलतो. 16 मात्रांच्या तीनतालात संवाद नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपलाच पाहिजे असं ठरवलं की नट बोलणं ताणतो नाहीतर चेपतो. त्यापेक्षा खाली नुसता ठेका चालू ठेवा. ठरलेला शब्द आला की तबलजीने तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर यावं आणि तिथून नाच उचलावा. ध्वनिमुद्रित संगीत असेल तर सलग एकच ट्रॅक करू नका, कारण हशा आला की नट थांबतो, ट्रॅक थांबत नाही. त्याचे तुकडे करा. संवादाखालचा तुकडा फिरत राहणारा ठेवा आणि पुढचा तुकडा ऑपरेटरने शब्दावर सोडावा, घड्याळावर नाही. घुंगरांसाठी एकच नियम पुरतो: शब्द चालू असताना ज्याच्या पायात घुंगरू, त्याचा पाय हलत नाही.

राहिला प्रकाश. नाटकाला तो समोरून लागतो, चेहऱ्यासाठी. नृत्याला बाजूने, विंगेतून, अंगाचा उठाव दिसावा म्हणून. समोरचा पूर्ण दिला की शरीरं चपटी दिसतात, बाजूचा एकटाच ठेवला तर बोलणाऱ्याचे डोळे अंधारात जातात. तेव्हा नाचात बाजूचा मुख्य ठेवा आणि बोलणं सुरू होण्याच्या किंचित आधीपासून समोरचा हळूहळू चढवा. विंगेत खाली दिव्यांचे स्टँड आले की येण्याजाण्याची वाट अरुंद होते. म्हणून तालमीच्या हॉलमध्ये पहिल्या आठवड्यापासूनच त्या जागी खुर्च्या मांडून ठेवा, म्हणजे धावत येणारा प्रयोगात दिव्यावर आदळणार नाही.