भिशीचा नंबर

३० एप्रिल, रात्री पावणेबारा

कूलरमधलं पाणी संपलंय, उठायचा कंटाळा आलाय. हा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतोय.

दिवसभर मी ऑफिसात लोकांची टॅली जुळवते. ५ रुपयांचा फरक निघाला तरी जेवण गोड लागत नाही. आणि लग्नाला आठ महिने होऊन आपल्या घरात किती येतं, कुठं जातं, हे आज पहिल्यांदा वहीत मांडलं! त्याच्या मोबाइलवर यूपीआयची यादी वर सरकवत गेले. १०, २०, १०, ४०. एमआयडीसीच्या गेटवरचा चहा, पोहे, परत चहा. त्याचं काही नाही, राबणाऱ्या माणसानं चहा प्यावा. अडले ते ९२० वर.

क्रेडिट कार्डाची ‘किमान रक्कम’. बिल १८,४०० चं, त्यातले ९२० भरले, राहिले १७,४८०. त्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. मागच्या पानावर गुणाकार केला. ७२२! म्हणजे ९२० भरून कर्ज उतरलं १९८ रुपयांनी. “पण मी वेळेवर भरले ना,” असं म्हणाला, तेही अगदी मनापासून. बिचाऱ्याला वाटत होतं, हप्ता चाललाय.

वर्षाचे ४२ टक्के झाले हे. बापूंचं पीककर्ज वेळेत फेडलं की शून्य टक्क्यानं पडतं, आणि पोरगा पिंप्राळ्यात खोली घेऊन ४२ टक्के भरतोय. बापूंना कळलं तर वखर तिथंच सोडून पहिली गाडी पकडतील.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी याच्या आई कुरडया घेऊन अमळनेरहून आल्या होत्या. “ग्रॅमभर का होईना, सोनं घ्या,” एवढाच धोशा. मी शहाणपणा शिकवला, की घडणावळ जाते, वर ३ टक्के जीएसटी, त्यापेक्षा एफडी करू. त्या गप्प झाल्या. मी म्हटलं, “काय झालं?” तर कळण्याची भाकरी थापता थापता, वर न बघता, सांगितलं. कापसाचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. मुदत कधीच संपली, पैसे अजून अडकलेलेच. पावती आजही लुगड्याच्या घडीत आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो, हे मला पाठ आहे. पण ती पिवळी पडलेली पावती बघितल्यावर मला एफडीचा ‘ए’सुद्धा काढवेना.

आज मात्र याला भरपूर सुनावलं. लपवलंस का, विचारलं नाहीस का, आपण परके आहोत का, सगळं. (आईंसमोर ‘अहो’ असतो तो, आज ‘तू’ वरून खाली घसरलं.) तो एक शब्द बोलला नाही.

आता वहीत लिहायला काय हरकत आहे. माझा पगार १४ हजार आहे. त्याला १२ सांगितलाय. उरलेले २ हजार ऑफिसच्या इमारतीतल्या दहाजणींच्या भिशीत जातात, स्कूटीसाठी. मे महिन्यात माझा नंबर लागतोय. २० हजार हातात येतील. कार्ड मिटवून हजार-दीड हजार उरतील, फक्त पैसे आले कुठून ते सांगावं लागेल.

कूस बदलली त्यानं. पाणी घालायला उठले की विचारणारच, एवढं काय लिहितेस म्हणून.