"मी बोलतोय" म्हटलं की समोरचा हसायचा

मी सोलापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. लोक डॉक्टर म्हणतात, मी नाहीये हे सांगून सांगून थकले आणि आता नाद सोडलाय. माझ्याकडे येणारे पेशंट म्हणजे बहुतेक उशिरा बोलणारी लहान मुलं, नाहीतर पॅरालिसिसनंतर वाचा गेलेले आजोबा, त्यामुळे विशीतला धडधाकट पोरगा एकटाच फाईल घेऊन बाकावर बसलेला दिसला की रिसेप्शनवरच्या आमच्या मावशी आधी "पेशंट कुठाय?" असंच विचारतात. त्या दिवशी आलेल्या अशा एका पोरानं खालमानेनं चिठ्ठी पुढे केली. कान-नाक-घशाच्या सरांनी दोनच ओळी लिहिलेल्या. फेमिनाइन व्हॉइस. दुर्बिणीनं घसा नॉर्मल.

ती दुसरी ओळ माझ्या फार कामाची. असा आवाज कधीकधी हार्मोन कमी पडल्यामुळे पण असतो, स्वरयंत्रच वाढलेलं नसतं, मग ते काम माझं नाही. पण याला दाढी व्यवस्थित, कंठ ठसठशीत बाहेर आलेला, आणि तोंड उघडलं की आवाज सातवीतल्या मुलीचा. पोरं वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो, मुलींचापण उतरतो बरं का, पण थोडासाच म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. काही मुलांचं यंत्र वाढतं पण घशाचे स्नायू ते वर ओढून धरतात आणि जुनाच आवाज चालू राहतो. याला प्युबरफोनिया म्हणतात.

पहिली ओळ मात्र मला कायम खटकते. इंग्रजीत फिमेल म्हणजे शरीर, फेमिनाइन म्हणजे ढंग, वागण्या-बोलण्यातलं बाईपण. इथं शरीर पुरुषाचं, स्वरतंतू पुरुषाचे, मग फेमिनाइन नक्की काय, नुसती पट्टी? आणि आपल्याकडे तर गंमतच आहे, सायकल लेडीज, रुमाल लेडीज, घड्याळ लेडीज, व्याकरणात चादर स्त्रीलिंगी, पण बायकी म्हटलं की समोर पुरुषच असणार. बायकी चाल, बायकी आवाज, बायकी हातवारे, सगळं पुरुषालाच चिकटवायला. बाई बायकी चालते असं मी तरी आजवर ऐकलं नाही. ज्या बाईपणाचं एरवी एवढं कौतुक तेच पुरुषाच्या अंगावर आलं की शिवी होते. हां, बालगंधर्वांच्या साड्यांची आणि दागिन्यांची नक्कल त्या वेळच्या बायका करायच्या, पण ते स्टेजवर, तिथं सगळं माफ.

असो. तर पोरगा सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू, अम्मा विड्या वळायची, आता डोळ्यांनी होत नाही म्हणून बंद. हा टॉवेल-चादरीच्या कारखान्यात ऑर्डरचं काम बघतो, म्हणजे दिवसभर फोन. मी केस हिस्टरी घेत होते आणि मला काहीतरी विचित्र वाटत होतं पण काय ते कळेना, मराठी तर अस्खलित बोलत होता. मग रेकॉर्डिंग परत ऐकलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा पोरगा स्वतःबद्दल बोलताना एकदाही "आलो", "गेलो", "करतो" म्हणत नव्हता.

मी विचारलं आज उशीर का झाला, तर "मला यायला उशीर झाला, बस मिळाली नाही". कारखान्यात काय करतोस, तर "ऑर्डर लिहून घ्यायची, माल गेला का बघायचं". पुढच्या आठवड्यात जमेल का, तर "येईन की मॅडम, सुट्टी मागून घेईन". बघा नीट. मी आलो आणि मी आले यात फरक पडतो, पण मी येईन हे बाईपण म्हणते आणि पुरुषपण. मी माल पाठवला, इथं क्रियापद मालाच्या मागं जातं, बोलणारा कोण ते कळतच नाही. पोरानं अख्ख्या मराठीतून स्वतःचं लिंग काढून टाकलं होतं! आणि तेही इतकं सफाईनं की मला, जिचं कामच लोकांचं बोलणं ऐकणं आहे, तिला ते टेपवर ऐकावं लागलं.

मी त्याला सरळ विचारलं. आधी हसला, मग सांगायला लागला ते थांबेचना. हैदराबाद, विजयवाड्याच्या पार्ट्यांशी काही प्रॉब्लेम नाही म्हणे, तेलुगूत "नेनु वस्तानु", म्हणजे मी येतो किंवा येते, हे बाप्यानं म्हटलं काय आणि बाईनं म्हटलं काय, सारखंच. ते लोक आवाजावरून मॅडम समजतात, समजू देत, ऑर्डर मिळाल्याशी मतलब. अडतं ते मराठीत. "हां, मी बोलतोय" म्हटलं की पलीकडून "बोलतोय? काय गं, मस्करी करतीस काय, शेठला दे!" कधी फोन स्पीकरवर टाकून चार जण मिळून हसायचे. आणि "बोलतेय" म्हणायला जीभ रेटत नव्हती. म्हणजे आवाज एक लिंग सांगतोय, क्रियापद दुसरं सांगतंय, आणि मधल्या मधे हा. मग त्यानं ही वाट काढली, कुणी शिकवली नाही, व्याकरणात दहावीला काठावर पास.

कारखान्यात मात्र त्याच्या आवाजाला मागणी होती. मागाच्या खडखडाटात दुसऱ्या कुणाचं ऐकू जात नाही, याचं जातं, म्हणून कुणाला हाक मारायची असली की "काय बे, जा की, बोलव त्याला" म्हणून यालाच पिटाळायचे.

माझ्याकडे याच्या अगदी उलट लोकही येतात, ज्यांना आवाज बाईचा हवाय. ट्रान्स पुरुषानं, म्हणजे जन्मतः मुलगी म्हटलं गेलं पण जो पुरुष आहे त्यानं, टेस्टोस्टेरॉन घेतलं की आवाज उतरतो, पण ट्रान्स बाईचा आवाज इस्ट्रोजेननं चढत नाही, तिला तो कमवावा लागतो. आणि तिथं कळतं की नुसती पट्टी चढवून भागत नाही. आवाज तोंडात कुठे घुमतो, वाक्याच्या शेवटी वर जातो का खाली, शब्द किती ओढला, हे सगळं लागतं. म्हणून मी कुणालाच "तुझा आवाज दुरुस्त करू" असं म्हणत नाही, आधी विचारते तुला काय पाहिजे. हा म्हणाला, "मला फोनवर बोलतोय म्हणायचंय." इतकं स्वच्छ ध्येय मला आजवर कुठल्या पेशंटनं दिलं नाही.

प्राट नावाच्या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरवर पट्टी मोजली तर बोलताना २३० हर्ट्झच्या आसपास. पुरुष साधारण १०० ते १५०, बाया १८० ते २५०, म्हणजे हा बायकांच्या मधोमध. त्याला खोकायला सांगितलं. खोकला दणदणीत, पुरुषी, म्हणजे खालचा आवाज आत होता. मग कंठाच्या पुढे आलेल्या हाडावर, हाड कसलं, कूर्चा, तिथं अंगठा ठेवून हलकं मागं-खाली दाबलं आणि म्हटलं आता लांब आ म्हण. पहिल्यांदा चिरका आला, मग एकदम दाणकन खाली घसरला. १२५!

तो गप्पच झाला, मग इकडेतिकडे बघायला लागला, खरंच, खोलीत अजून कोणी आहे का असं. परत आ म्हण म्हटलं, परत तोच. अंगठा काढला तरी तोच. दाराबाहेरून मावशींनी डोकं आत घातलं, "मॅडम, कोण आलंय आत?" आम्ही दोघं जे हसलो.

पण नंतर म्हणाला, "मॅडम, हा आवाज माझा नाही वाटत, नानांचा, वडिलांचा वाटतोय." हे बहुतेक सगळे म्हणतात. आवाज सापडायला तासभर पुरतो, तो घेऊन घरी जायला, मित्रांत बसायला महिने लागतात. अम्मासमोर त्याचा आवाज परत वर जायचा. म्हणून अनोळखी माणसांपासून सुरुवात केली, आधी रिक्षावाला, मग मेडिकलवाला, मग नव्या पार्ट्यांचे फोन. "मी आलो, मी गेलो, मी जेवलो, मी करतो" अशी तो-तो वाली वाक्यं त्याला होमवर्क म्हणून दिली, आयुष्यात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसाला पुल्लिंगाचा सराव करायला दिला असेल मी.

जुन्या पार्ट्यांची त्याला धास्ती होती, त्या शेवटाला ठेवल्या. एके दिवशी सेशनला आला तो खुशीतच. विजयवाड्याच्या शेठचा फोन आलेला, यानं खालच्या आवाजात उचलला, तर शेठ म्हणाले, आधी फोनवर असायच्या त्या मॅडम कुठं गेल्या?

"मग काय सांगितलंस?"

"लग्न झालं म्हटलं त्यांचं. आता मीच बघतो."